वस्तऱ्याचं श्रेय

केस विरळ होऊ लागले की सल्ला मागावा लागत नाही, तो आपसूक चालत येतो. मी तिशीच्या उंबरठ्यावर होतो. कपाळाचे दोन्ही कोपरे मागे सरकले होते, माथ्यावर भांग नको तितका रुंद दिसायला लागला होता आणि आंघोळीनंतर मोरीच्या जाळीवर केसांचा गुंता अडकलेला असायचा. आईनं कांद्याचा रस सुचवला. शेजारच्या काकूंनी माका आणि जास्वंदीचं तेल आणून दिलं. ऑफिसात कुणी बायोटिनच्या गोळ्या सांगितल्या, कुणी बोअरच्या पाण्याला दोष दिला, कुणी हेल्मेटला. एका मुद्द्यावर मात्र बहुतेकांचं एकमत होतं: "एकदा गोटा करून टाक. नवीन येतील ते दाट येतील."

बाकीचे तितक्याच ठामपणे उलटं सांगत. "वस्तरा अजिबात लावू नकोस. आहेत तेवढे तरी राहू देत, मुळं दुखावली की संपलं." या दोन मतांच्या मध्ये मी उभा. केस म्हणजे काय, तो वाढतो कुठून, गळतो का, यातलं काहीही मला माहीत नव्हतं. शाळेत पचनसंस्था शिकवली, केस शिकवल्याचं आठवत नाही.

शेवटी मामाच्या शब्दाला वजन आलं. माझं जावळ त्याच्याच मांडीवर काढलेलं, त्यामुळे माझ्या डोक्यावर त्याचा अधिकार. तो म्हणाला, "अरे, लहानपणी तुझ्या डोक्यावर नावाला केस होते. जावळ काढलं आणि बघ कसे भरून आले." पुरावा बिनतोड वाटला. मामा स्वतः दर दोन-तीन वर्षांनी तिरुपतीला केस देऊन येतो आणि तरीही त्याचं कपाळ पार टाळूपर्यंत पोचलंय, हे मला दिसत होतं. पण भाच्यानं मामाला असले प्रश्न विचारायचे नसतात.

सलूनमध्ये "गोटा करायचाय" म्हटल्यावर कारागिरानं आधी आवाज खाली आणला आणि विचारलं, "घरात काही झालंय का दादा?" मी नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा खुलला. आधी झिरो मशीन फिरलं, मग पाणी, मग वस्तऱ्यात नवं ब्लेड. दहा-पंधरा मिनिटांत काम झालं आणि आरशात मी पहिल्यांदाच माझं डोकं नीट पाहिलं. कानांच्या वर आणि मागच्या बाजूला त्वचेखालून काळसर निळी छटा दिसत होती. समोर आणि माथ्यावर ती फिकट होत जवळजवळ नाहीशी झाली होती. केस असताना जे मी विंचरून झाकत होतो, ते वस्तऱ्यानं उघडं करून दाखवलं.

पुढचे दिवस केसांपेक्षा खुलासे करण्यात गेले. आपल्याकडे तरुण मुलाचा गोटा म्हणजे लोकांना आधी दहावा आठवतो. लिफ्टमध्ये एका आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून "वडील का?" विचारलं. साहेबांनी सुट्टी हवी असेल तर घे म्हणून सांगितलं. "केस दाट व्हावेत म्हणून" हे उत्तर इतकं हलकं वाटू लागलं, की मी सरळ "तिरुपती" सांगायला सुरुवात केली. दुपारच्या उन्हात टाळू भाजून निघायची, टोपी घालावी लागली.

आणि मग खुंट आले. हात फिरवला तर खरखरीत, जाड, काळेभोर. उशीचा अभ्रा अडकायचा. मी खूष होऊन मामाला फोटो पाठवला. पण केस जरा लांब होऊन आडवे पडू लागले, तशी माथ्यावरची त्वचा पुन्हा पूर्वीसारखीच डोकावायला लागली. दाट आलेले केस गेले कुठे, हे कोडं घेऊन मी त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो.

डॉक्टर बाईंनी आधी केस पाहिलेच नाहीत, प्रश्न विचारले. गेल्या काही महिन्यांत मोठा ताप? डेंग्यू? वजन झपाट्यानं उतरलं का? घरात कुणाला टक्कल? "आईकडून येतं ना?" मी विचारलं. "बाबांकडूनही येतं," त्या म्हणाल्या. मग एक दिव्याचं भिंग टाळूवर टेकवून त्यांनी पडद्यावर माझेच केस दाखवले. मागच्या बाजूचे सगळे साधारण एकाच जाडीचे. माथ्यावर मात्र जाड केसाशेजारी बारीक, त्याच्याशेजारी आणखी बारीक. केसांच्या जाडीत वीस टक्क्यांहून जास्त तफावत दिसली की आनुवंशिक टक्कल सुरू झाल्याची ती खूण समजतात.

मी गोट्याचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत, समजावून सांगू लागल्या. त्वचेबाहेर दिसतो तो केस निर्जीव केराटिनचा असतो. जिवंत कारखाना खाली, मुळाशी, आणि वस्तरा तिथपर्यंत पोचतच नाही. त्यामुळे गोट्यानं केस वाढत नाहीत तसे जातही नाहीत, घाबरवणाऱ्यांचंही चूकच. डोक्यावरचा प्रत्येक केस दोन ते सहा वर्षं वाढतो, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. मग दोन-तीन आठवडे आवरतं घेतो, तीनेक महिने विश्रांती घेतो आणि गळतो. रोज ५० ते १०० केस गळणं हा त्याच चक्राचा भाग. माझ्या माथ्यावर टेस्टोस्टेरॉनपासून बनणाऱ्या डीएचटी या संप्रेरकाच्या परिणामानं मुळं आक्रसत होती, वाढीचा काळ आखूड होत होता आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येत होता. मागची आणि कानांवरची मुळं या संप्रेरकाला दाद देत नाहीत, म्हणून मामाकडेही तिथं केस शिल्लक आहेत.

"पण ते खुंट जाड होते," मी हटून बसलो. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, त्या म्हणाल्या. टोकदार पेन्सिल मधोमध कापली तर हाताला लागतं ते तिचं जाड, बोथट तोंड. पेन्सिल काही जाड होत नाही. शिवाय आखूड केस ताठ उभा राहतो, आडवा पडून त्वचा उघडी करत नाही, आणि उन्हानं त्याचा रंगही अजून उतरलेला नसतो.

घरी आल्यावर मी वाचत सुटलो. मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शरीररचनाशास्त्रज्ञ बाईंनी १९२८ मध्येच हे तपासलं होतं आणि दाढी केल्यानं केसांच्या जाडीत वा वाढीच्या वेगात फरक पडत नाही असं नोंदवलं होतं. १९७० मध्ये पाच तरुणांनी कित्येक महिने दर आठवड्याला एकाच पायावर वस्तरा फिरवला, दुसरा तसाच ठेवला. दोन्ही पायांत म्हणावा असा फरक पडला नाही. मला सगळ्यात पटली ती मात्र डॉक्टरांचीच एक तपासणी. टाळूवरचा छोटासा चौकोन भादरतात, फोटो काढतात आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा काढतात. जे केस वाढले ते वाढीच्या टप्प्यातले, जे तसेच राहिले ते विश्रांतीतले. भादरल्यानं वाढ बदलत असती, तर या मोजणीला काही अर्थच उरला नसता. आणि खरं तर पुरावा माझ्या गालावरही होता. कॉलेजपासून दाढी करतोय, पण हनुवटीशेजारची मोकळी जागा अजून मोकळीच आहे.

मग इतकी शहाणी माणसं गोट्याची शिफारस का करतात? कारण त्यांनी दाट केस येताना खरंच पाहिलेले असतात. बाळाचे पहिले मऊ केस पुढे आपोआप जाऊन त्यांची जागा जाड केस घेतात, जावळ काढा किंवा काढू नका. मोठा ताप, बाळंतपण किंवा ऑपरेशन झालं की दोन-तीन महिन्यांनी मुठीमुठीनं केस गळतात, आणि कारण दूर झालं की पुढच्या सहाएक महिन्यांत गळती थांबून ते भरून यायला लागतात. माणूस गोटा करतो तो नेमका गळती शिगेला पोचल्यावर. केस यायचेच असतात, ते येतात आणि श्रेय वस्तऱ्याला जातं. माझं दुखणं वेगळं होतं, ते आपणहून परतणारं नव्हतं.

डॉक्टरांनी मिनॉक्सिडिल लावायला दिलं. हे मूळचं रक्तदाबाचं औषध. पोटातून घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा ते डोक्याला लावून पाहिलं गेलं आणि १९८८ मध्ये अमेरिकेत टकलावरचं औषध म्हणून मंजूर झालं. डीएचटी कमी करणारी फिनास्टेराइडची गोळी १९९७ पासून आहे; तिचे लैंगिक दुष्परिणाम होऊ शकतात, म्हणून ती आपल्या मनानं सुरू करायची नाही, हे त्यांनी बजावलं. मिनॉक्सिडिलनं सुरुवातीला केस उलट जास्त गळू शकतात, ताज्या भादरलेल्या, कापलेल्या त्वचेवर ते लावू नये, फरक दिसायला चार-सहा महिने लागतात आणि थांबवलं की मिळालेलं पुन्हा जातं, हेही सांगितलं. मी एकाच खिडकीशी, एकाच उजेडात फोटो काढत गेलो. माथा बराच सावरला. कपाळाचे कोपरे होते तिथंच राहिले.

आता मी केस ट्रिमरनं आखूडच ठेवतो. त्यानं वाढतात म्हणून नव्हे. बाजूचे दाट केस आखूड असले की माथ्यावरची विरळ जागा त्यांच्यापुढे उठून दिसत नाही, इतकंच.

परवा ऑफिसातल्या एका सहकाऱ्यानं माझा माथा निरखून विचारलं, "तू मध्यंतरी गोटा केला होतास ना? भारी रिझल्ट आलाय." त्याचेही कोपरे मागे चाललेत. मी भिंगापासून मिनॉक्सिडिलपर्यंत सगळं सांगितलं, मुळं फार आक्रसण्याआधी जा म्हटलं आणि दवाखान्याचा पत्ता दिला. त्यानं तो नीट लिहून घेतला आणि विचारलं, "आणि ते सलून कुठलं?"