दोन माळरानांचा पक्षी

२०१९ सालच्या ईस्टरनंतरचा पहिला शनिवार. अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, मॅनहॅटन नावाच्या लहानशा शहराजवळील कोन्झा प्रेअरीत मी आणि माझा मुलगा भल्या पहाटे पोहोचलो. वसईहून निघताना एक प्रश्न मी मनाच्या गाठीला बांधून आणला होता. गावचे घर व वाडी घेण्यास एक गिऱ्हाईक तयार होते. त्याला काय उत्तर द्यावे? खरे तर प्रश्न निराळाच होता: तू परत येणार आहेस की नाही? पंधरा दिवस झाले, तरी तो ओठांवर आला नव्हता.

चढण चढताना मी थबकलो. समोरचा उतार काळाठिक्कर जळालेला होता.

"वणवा लागला होता का रे?"

"नाही पप्पा, मुद्दाम लावतात."

मला लहानपणी राब भाजायचो ते दिवस आठवले. येथील बिग ब्लूस्टेम गवताची मुळे दोन मीटरहूनही खोल जातात. ज्वाळा वरून निघून जातात; जमिनीखालचा जीव शाबूत राहतो. आग लागली नाही, तर झाडेझुडपे माजतात आणि उघड्या माळावर घरटी करणारे पक्षी निघून जातात. १९७१ साली स्थापन झालेल्या या संशोधनक्षेत्रात काही भाग दरवर्षी, काही दोन वा चार वर्षांनी, तर काही वीस वर्षांनी एकदा जाळून अभ्यास केला जातो. उत्तर अमेरिकेतील उंच गवताच्या प्रेअरीचा शंभरातला चारावा हिस्साही आता उरलेला नाही. बाकीची नांगराखाली गेली. या टेकड्यांत चुनखडक व गारगोटी इतकी वर आहे की येथे नांगर चालला नाही. दगडाने गवत राखले!

राखेतून हिरवे कोंब वर आले होते. पायवाटेकडेला जांभळे व्हायोलेट आणि पकूनची नारिंगी-पिवळी फुले जमिनीलगत उमलली होती. कुंपणाच्या खांबावर पिवळ्या छातीचा, गळ्याशी काळी पट्टी असलेला मेडोलार्क बासरीसारखा गात होता.

इतक्यात आकाशातून एक लांबलचक, चढून उतरणारी शीळ आली. तपकिरी रंगाचा, बारीक मानेचा एक पक्षी खांबावर उतरला. त्याने पंख क्षणभर उंच उभारले आणि मग हळूच मिटून घेतले.

"हा अपलँड सँडपायपर," मुलगा कुजबुजला. "आपल्याकडचा उन्हाळा सुरू झाला की हा इथे येतो. हिवाळा काढतो तो अर्जेंटिना, उरुग्वेच्या गवताळ प्रदेशात."

"मग त्याचे घर कोणते?"

तो जरा वेळ गप्प राहिला. "अंडी इथे घालतो, पप्पा. पण तिकडचा माळ राहिला नाही, तर इथेही तो दिसणार नाही."

तो पक्ष्याविषयीच बोलत होता. माझ्या मनातला प्रश्न त्याला ठाऊक असावा, असे मात्र मला वाटून गेले. मी तो विचारला नाही. परतताना त्यानेच बावखलात पाणी आहे का, आईने लावलेला सोनचाफा फुलतो का, अशी चौकशी केली. मी सांगत राहिलो. तो ऐकत राहिला.

गावी आल्यावर गिऱ्हाइकाला मी नकार कळवला. माझ्यामागे वाडीचे काय होईल, हे मी जाणत नाही. परंतु येणाऱ्याला उतरायला एक खांब उभा असावा, एवढे माझ्या हाती आहे.