विशालकोनी भिंगातून यवतमाळ

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी गावी जातो. आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याजवळ. या वेळी यवतमाळला उतरलो आणि आधी माझ्या मित्राच्या फोटो स्टुडिओत डोकावलो. लग्न, बारसं, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडे त्याचा कॅमेरा हजर असतो. त्याला एक वापरलेली झूम लेन्स स्वस्तात मिळत होती. पण स्वस्त झाली तरी तिची किंमत त्याच्या महिनाभराच्या कमाईएवढी!

"तुम्ही चार दिवस फिरणारच आहात. ही कॅमेऱ्याला लावून न्या आणि सांगा, घेऊ की नको?" मित्र म्हणाला.

माझी भाची सातवीत आहे. तिनं लगेच वही काढली. "मामा, आपण लेन्सचं प्रगतिपुस्तक करू!"

लेन्सवर आकडा होता १०-१८ मिलिमीटर. आकडा जितका लहान, तितका आवाका मोठा. तुम्ही भूमितीत काटकोन शिकलात ना? तो ९० अंशांचा. ही लेन्स या कॅमेऱ्यावर १० वर ठेवली, की फोटोच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत सुमारे १०७ अंशांचा विशालकोन टिपते. १८ वर फिरवली, की तो सुमारे ७४ अंशांचा होतो.

पहिला पेपर कळंबला. यवतमाळहून नागपूरच्या रस्त्यावर हे गाव लागतं. इथलं चिंतामणी गणपतीचं देऊळ जमिनीच्या पातळीखाली आहे. पायऱ्या उतरून खाली जावं लागतं. समोर पाण्याचं कुंड. अशा जागी फोटो काढताना मोठी पंचाईत होते, कारण मागे सरकायला जागाच नसते! पुजारीकाकांना विचारून भाचीनं कॅमेरा डोळ्याला लावला. कुंड, पायऱ्या, भिंती आणि वरचं आभाळ, सगळं एका फोटोत मावलं! पण कॅमेरा जरासा वर उचलताच दोन्हीकडच्या भिंती आत कलंडल्या. सरळ धरला, की त्याही सरळ. तिनं वहीत लिहिलं, 'अरुंद जागा: ९ गुण. कॅमेरा वाकडा, तर फोटो वाकडा.'

दुसऱ्या दिवशी लांबचा पल्ला. उमरखेड तालुक्याच्या टोकाला पैनगंगेवर सहस्रकुंडचा धबधबा आहे. नदीच्या एका काठावर यवतमाळ जिल्हा, दुसऱ्या काठावर नांदेड. म्हणजे इकडे विदर्भ आणि पलीकडे मराठवाडा! नदी काळ्या खडकावरून अनेक धारांनी खाली कोसळते. तिचा आवाज बराच आधीपासून ऐकू येतो.

लांबून काढलेल्या पहिल्या फोटोनं मात्र आमची निराशा केली. एवढा धो धो धबधबा फोटोत दोऱ्यासारखा दिसत होता! जास्त जागा मावते, म्हणजे प्रत्येक गोष्ट लहान होते. म्हणून मी म्हणालो, "जवळचा एखादा खडक फोटोत घे. अजून थोडी पुढे हो." ती डोळा कॅमेऱ्याला लावूनच पुढे झाली. एक पाऊल, दुसरं पाऊल... आणि मी धावत जाऊन तिचा दंड धरला. तिच्यापुढे ओला, शेवाळलेला खडक जेमतेम दोन हात उरला होता!

"पण मामा, कडा तर लांब दिसत होती!" ती घाबरून म्हणाली.

तिचं खरं होतं. ही लेन्स अंतर ताणून दाखवते. दोन हातांवरची कडा दहा हातांवर आहे, असं वाटतं. चूक तिची नव्हती, माझी होती. 'पुढे हो' म्हणणाऱ्यानं आधी जमीन बघायला हवी होती. मग आम्ही मागे येऊन बसलो आणि एक नियम केला: आधी साध्या डोळ्यांनी जागा बघायची, पाय रोवायचे, मग कॅमेरा डोळ्याला. डोळा कॅमेऱ्यात असताना एक पाऊलही टाकायचं नाही. वहीत या नियमाभोवती लाल पेन्सिलीनं चौकट आली. गुण ६.

तिसरा पेपर टिपेश्वर अभयारण्यात. याच जंगलातून निघालेला एक तरुण वाघ २०१९ साली सुमारे १३०० किलोमीटर भटकत बुलडाणा जिल्ह्यातल्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला होता! त्याच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती, म्हणून हा प्रवास कळला. आमचंही नशीब जोरावर होतं. लांब गवतात वाघ दिसला! भाचीनं श्वास रोखून फोटो काढला. फोटोत जंगल छान, आभाळ छान, आणि वाघ? तिळाएवढा! १८ वर फिरवून पाहिलं, तर तिळाचा फार तर जवस झाला. इथं जवळ जायचा प्रश्नच नव्हता, गाडीतून उतरायला मनाई असते आणि ती योग्यच आहे. 'वाघ: ० गुण. जंगल: ८.'

चौथ्या दिवशी आमचं शेत. कपाशीची बोंडं फुटली होती, शेत पांढरं झालं होतं. ही लेन्स २२ सेंटिमीटरवरची वस्तूही स्पष्ट टिपते. आजीनं वेचलेला कापूस ओंजळीत घेऊन हात पुढे केला आणि भाचीनं अगदी जवळून फोटो काढला. ओंजळ भली मोठी, मागे आजीचा हसरा चेहरा लहान आणि त्यामागे बांधापर्यंत पसरलेलं शेत.

असं का झालं? हिशेब सोपा आहे. ओंजळ कॅमेऱ्यापासून एक फुटावर, चेहरा तीन फुटांवर, म्हणून ओंजळ तिप्पट मोठी. हाच फोटो वीस फुटांवरून काढला, तर वीस आणि बावीसमध्ये फरक तो किती?

आजीनं फोटो पाहिला. "अवं, माह्या हाताचं त सूप झालं!" आणि थोड्या वेळानं म्हणाली, "असू दे. जलमभर त्यानंच त कापूस येचला."

भाचीनं १० पैकी १० गुण दिले.

संध्याकाळी ओटीवर घरातल्या सगळ्यांचा फोटो काढला. कडेला बसलेल्या काकांचा चेहरा भोपळ्यासारखा रुंद झाला! लेन्स १८ वर फिरवली, चार पावलं मागे गेलो (आधी मागे बघून बरं का!), तेव्हा कुठं काका काकांसारखे दिसले.

परतताना मित्राला वही दाखवली. त्यानं ती दोनदा वाचली आणि लेन्स घ्यायचं ठरवलं. भरलेल्या मांडवासाठी आणि लहान खोल्यांसाठी ती कामाची होती. पण नवरानवरीच्या चेहऱ्यांसाठी जुनीच लेन्स वापरायची, हे त्यानं पाठीवर पडलेल्या भाचीच्या चापटीसह मान्य केलं!

मुलांनो, तुम्हीही ही गंमत करून बघा. घरातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्यात ०.५ असा आकडा असेल, तर तो निवडा. दोन सारखे पेले घ्या, एक जवळ आणि एक हातभर मागे ठेवा. जवळून एक फोटो काढा, मग लांबून एक. दोन्ही फोटोंतले पेले पट्टीनं मोजा. मात्र खेळ घरातच करायचा. गच्चीच्या कडेला किंवा पाण्याजवळ नाही. लाल चौकट आठवते ना?