गड्यांचा लिलाव

कसाऱ्याच्या वाटेवरील आमच्या आटगांवांत कबड्डीच्या लिलावाच्या वार्ता आल्या, कीं पंगतींतहि त्यांचीच चर्चा चालते. माणसांचा लिलाव हा शब्दच वडील मंडळींस रुचत नाहीं. आम्हांस मात्र गड्यांवर येणारा कृतघ्नतेचा आरोप अधिक बोचतो.

कोल्हापूरकडील सिद्धार्थ देसाई याचेंच पाहा. २०१८ सालीं यू मुंबा संघानें त्यास ३६.४ लाख रुपयांस घेतलें. त्या एका हंगामांत त्यानें चढायांचे दोनशेंहून अधिक गुण मिळविले. आम्ही त्यास आपला मानूं लागलों, तोंच २०१९ सालीं तेलुगू टायटन्सनें १.४५ कोटींची बोली लावून त्यास नेलें. 'पैशापायीं गेला' असें पुष्कळांनीं म्हटलें. आमचें मत तसें नाहीं. लिलावांत गडी संघ निवडीत नाहीं. संघच गडी निवडतात. शिवाय खांदा वा गुडघा दुखावला, कीं चढाईपटूची कमाई आटते. मग ऐन उमेदींत मिळेल तें त्यानें घेतलें, तर त्यांत गैर काय?

निष्ठेची अपेक्षा करावयाची, तर ती प्रथम संघांकडून करावी. पुणेरी पलटननें अस्लम इनामदार या नगरकडील तरुणास जपलें, वाढविलें, नायक केलें. आणि १ मार्च २०२४ रोजीं हरियाणा स्टीलर्सवर २८-२५ असा विजय मिळवून त्यानें पलटनला पहिलें अजिंक्यपद दिलें. केवळ थैलीच्या बळावर अशी जोपासना होत नाहीं.

आम्ही पक्षानें यू मुंबाचेच. तथापि चांगल्या चढाईस टाळी देतांना अंगावरचा सदरा कोणत्या संघाचा, हें आम्ही पाहात नाहीं.