भिंतीचा रंग कोण ठरवतो?

14 एप्रिल जवळ आली की उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यातल्या आपल्या वस्त्यांत डिस्टेंपरचा वास सुटतो. आमच्या घरात दरवर्षी दोन पक्ष पडतात. आईला बाहेरून निळाच हवा, भावाला क्रीम. मी बाहेर निळा, आत पांढरा असा तोडगा सुचवते. मध्यम मार्ग आमच्याकडे एवढ्यापुरताच पाळला जातो! मग छोटा डबा आणायचा, भिंतीवर पट्टा मारायचा, वाळला की सगळ्यांनी बघायचे. जो राहणार त्याला विचारल्याशिवाय ब्रश लागत नाही.

सरकारी दवाखान्याचे मात्र उलटे आहे. तिथला रंग दिल्ली ठरवते. पश्चिम बंगालने आरोग्य केंद्रांना केंद्राची ठरलेली रंगसंगती दिली नाही म्हणून आरोग्य अभियानाचा निधी अडवला, अशी तक्रार ममता बॅनर्जींनी नोव्हेंबर 2023 मध्ये पंतप्रधानांना पत्र लिहून केली होती. त्याच महिन्यात या केंद्रांचे नाव 'आयुष्मान आरोग्य मंदिर' झाले. सर्व धर्मांचे रुग्ण जिथे येतात त्या जागेला मंदिर का म्हणायचे, हा आक्षेप आपण घ्यायलाच हवा. पण तेवढ्यावर थांबलो तर आपणही पाटीवरच भांडत राहू.

ऑगस्ट 2023 आठवा. आपल्या भागातला अत्यवस्थ रुग्ण ज्या कळव्याच्या रुग्णालयात नेतात, तिथे 24 तासांत 18 रुग्ण दगावले. दोनच दिवसांनी, 15 ऑगस्टपासून, राज्याने सरकारी रुग्णालयांत उपचार मोफत केले. निर्णय चांगलाच होता. पण तो सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता आणि कळव्याचे रुग्णालय ठाणे महापालिकेचे. ॲम्ब्युलन्समधल्या माणसाला कुठे ठाऊक असते की कोणती इमारत कोणत्या खात्याची?

सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य, असे संविधानाचे कलम 47 सांगते. त्यासाठी कोर्टात जाता येत नाही, म्हणून अनेकजण मार्गदर्शक तत्त्वांना शोभेची मानतात. बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत याचे उत्तर दिले आहे: सत्तेवर येणाऱ्याला या तत्त्वांचा जाब निवडणुकीत मतदारांना द्यावाच लागेल. आता आपल्याकडे बघा. अंबरनाथ आणि बदलापूरच्या नगरपालिकांत 2020 पासून पाचेक वर्षे प्रशासकच कारभार बघत होते. जाब विचारायचा तो कोणाला? ज्या कोरोनाकाळात नगरसेवकाचे दार ठोठावायचे, त्याच काळात दार नव्हते.

आणि थोडे आपल्याबद्दलही. जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब मागणारे आपले मंडळ सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर कोण बसते, हे विचारत नाही. त्या समितीकडे निधी असतो, बैठका होतात, इतिवृत्त लिहिले जाते. माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर ते सगळे मागता येते. यंदा रंगाच्या डब्याबरोबर प्रत्येक मंडळाने असा एक अर्ज आणावा, आणि मिळालेले इतिवृत्त विहारात मोठ्याने वाचावे. निळा की क्रीम, हा वाद त्यानंतर रात्रभर घालू.