युद्धकाळातील वाणी आणि सरकारची खात्री

युद्ध सुरू झाले की राज्यसंस्था नागरिकांच्या बोलण्यावर मर्यादा घालते, आणि ती मर्यादा सैन्याच्या हालचाली किंवा दारूगोळ्याचे साठे गुप्त राखण्यापुरती असेल तर तिच्याविषयी फारशी तक्रार कोणी करीत नाही. वाद उभा राहतो तो हे युद्धच अन्याय्य आहे असे उघडपणे म्हणणाऱ्याचे काय करावयाचे या प्रश्नावर. हिंदुस्थानात या प्रश्नाची सर्वांत निखळ कसोटी नागपूरजवळच्या वर्धा जिल्ह्यात लागली. १७ ऑक्टोबर १९४० रोजी विनोबा भावे यांनी पवनार येथे युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास आरंभ केला, चार दिवसांनी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा भोगावी लागली. या सत्याग्रहात ना कोठे मोडतोड होती, ना गर्दी जमवून सरकारला अडचणीत आणण्याचा हेतू. अपराध होता तो केवळ बोलण्याचा.

त्यापूर्वी सप्टेंबरअखेर गांधीजींनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यापाशी युद्धाविरुद्ध प्रचार करण्याची मोकळीक मागितली होती. व्हाइसरॉयांचे उत्तर असे होते की, सदसद्विवेकबुद्धीला स्मरून युद्धास नकार देणाऱ्याने आपले मत बाळगावे, ते बोलूनही दाखवावे, परंतु सैनिकांना किंवा कारखान्यातील कामगारांना त्यांच्या कामापासून परावृत्त करू नये. वरकरणी ही रेघ समंजस वाटते. मात्र ज्या मताने ऐकणाऱ्याचे मन वळण्याची शक्यताच नाही, तेवढेच मत उच्चारण्याची मुभा म्हणजे मुभा नव्हे.

भारत संरक्षण अधिनियम, १९३९ आणि त्याखालील नियम यांचे खरे बळ शिक्षेच्या कठोरतेपेक्षा ठरविण्याच्या अधिकारात होते. कोणास स्थानबद्ध करावयाचे, म्हणजे खटला न चालविता कैदेत ठेवावयाचे, हे नियम २६ अन्वये सरकारची खात्री पटण्यावर अवलंबून होते. मूळ अधिनियमाला मात्र संशयास वाजवी आधार असणे अभिप्रेत होते. स्थानबद्ध केलेल्या केशव तळपदे यांच्या प्रकरणात संघ न्यायालयाने एप्रिल १९४३ मध्ये नेमक्या याच विसंगतीवर बोट ठेवून तो नियम अवैध ठरविला, आणि सरकारने काही दिवसांतच अध्यादेश काढून तो पूर्वलक्षी प्रभावाने वैध करून घेतला. न्यायालयाचा मान राखण्याची ही तऱ्हा विलक्षणच म्हणावयाची.

अशा अधिकाराचा उपयोग लष्करी गुपितांपुरता राहत नाही, हे विदर्भातील चिमूर गावाने दाखविले. ऑगस्ट १९४२ मधील उठावानंतर तेथे झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी यासाठी गांधीजींचे अनुयायी प्रा. भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले, तेव्हा त्या उपोषणाच्या बातम्यांवरच बंदी आली. शत्रूला त्या बातमीचा उपयोग काय होणार होता? झाकावयाचे होते ते प्रशासनाचे वर्तन. निषेध म्हणून वृत्तपत्रांनी ६ जानेवारी १९४३ रोजी हरताळ पाळला. भन्साळींचे उपोषण ६३ दिवसांनी सुटले तेव्हा बंदीही उठली.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेनेही हा पेच पूर्णपणे सोडविलेला नाही, कारण अनुच्छेद ३५८ नुसार युद्ध किंवा परकीय आक्रमण यांमुळे आणीबाणी घोषित झाली असता अनुच्छेद १९ मधील भाषणस्वातंत्र्याचे संरक्षण राज्याच्या आड येत नाही. चीनशी झालेल्या युद्धामुळे आलेली १९६२ ची आणीबाणी तर प्रत्यक्ष लढाई थांबल्यानंतरही १९६८ पर्यंत चालू राहिली. म्हणूनच नागपूर उच्च न्यायालयाच्या भगवतीचरण शुक्ला प्रकरणातील निर्णयाचे महत्त्व मोठे आहे. शब्दांचा परिणाम जोखताना डळमळीत मनाच्या आणि प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या माणसाऐवजी विवेकी, खंबीर आणि धैर्यवान माणसाची मोजपट्टी लावावी, असे न्या. व्हिव्हियन बोस यांनी त्यात सांगितले. हा निर्णय युद्ध संपल्यानंतरचा असला, तरी या मोजपट्टीची सर्वाधिक गरज लोक भयभीत असतात त्या युद्धकाळातच असते. सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी इम्रान प्रतापगढी प्रकरणात तिचाच आधार घेतला; त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, पाकिस्तानविरुद्धच्या ऑपरेशन सिंदूर या लष्करी कारवाईच्या काळात, समाजमाध्यमावरील मजकुरावरून पुण्यातील एका विद्यार्थिनीस अटक झाली आणि तिच्या सुटकेचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाला द्यावा लागला.