एका सहीसाठी चार दिवस



मागच्या वर्षी मी चार दिवस स्वाध्यायाला आले नव्हते. बऱ्याच जणींना वाटलं, गुडघा दुखतोय. गुडघा ठीक होता. अडलं होतं एका कागदावरच्या सहीपाशी.

मुलगा अमेरिकेत, वूस्टर गावात. तिथे लाकडी तीन मजली घरं पुष्कळ, मजल्यागणिक एक बिऱ्हाड. असंच एक त्याने बघितलं. किंमत सहा लाख डॉलर. "पदरचे किती घालायचे?" तर म्हणे साडेतीन टक्के, म्हणजे 21,000. मी बी.कॉम., माझा विश्वास बसेना. आपल्याकडे 30 लाखांपर्यंतच्या कर्जालाही बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांवर जात नाही.

मग त्याने उलगडून सांगितलं. कर्ज बँकच देते, पण एफएचए ही सरकारी संस्था त्याचा विमा उतरवते. चार बिऱ्हाडांपर्यंतचं घर चालतं. मात्र मालकाने 60 दिवसांत स्वतः राहायला जायचं आणि निदान वर्षभर राहायचं. विम्यापोटी सुरुवातीला कर्जाच्या 1.75 टक्के, शिवाय दरसालचा आकार वेगळा. पदरचे दहा टक्क्यांहून कमी असले, तर तो शेवटपर्यंत सुटत नाही. म्हणजे स्वस्त काही नाही, फक्त दार लवकर उघडतं.

तीन बिऱ्हाडांच्या घराला आणखी एक परीक्षा असते. तिन्ही मजल्यांचं बाजारभावाने भाडं काढायचं, त्याच्या राहत्या मजल्याचंसुद्धा, आणि त्यातलं 75 टक्केच धरायचं. त्यात हप्ता, कर, विमा सगळं बसलं पाहिजे. मी वही घेतली. 2,200 प्रमाणे 6,600, त्याचे 4,950. महिन्याचा खर्च 4,800. बसलं, पण दीडशे डॉलरने! एखादा भाडेकरू सोडून गेला तर? तीन महिन्यांहून जास्त हप्ते बाजूला ठेवलेत म्हणाला, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

आम्ही 10,000 डॉलर पाठवायचे ठरलं. ह्यांनी ठेव मोडली आणि डायरीत लिहिलं, 'मुलाकडून येणे, पाच वर्षांत.'

आणि मग तो कागद आला. ही रक्कम भेट आहे, परतफेडीची अपेक्षा नाही, खाली आमच्या सह्या. पालकांनी भेट दिलेली बँकेला चालते. उसनी असेल तर ती मुलाच्या देण्यात धरावी लागते. मुलगा म्हणाला, "आई, नुसती फॉर्मॅलिटी आहे. सगळे करतात."

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया येते, आपण दशलक्षणात दरवर्षी ऐकतो. मला वाटायचं, हे खोट्या वह्या लिहिणाऱ्या व्यापाऱ्यांसाठी. घरात बसलेल्या बाईला कोण खोटा कागद करायला लावणार? आणि लावणारा निघाला पोटचा पोरगा, तेही इतक्या सहज. शिवाय कर्जाच्या अर्जात खोटं सांगणं हा तिकडे गुन्हा आहे.

मी ह्यांना म्हटलं, द्यायचे तर खरंच देऊन टाकू, नाहीतर नको. हे दोन दिवस बोलले नाहीत. नऊ लाखांच्या आसपासची रक्कम, पेन्शनरांच्या घरात थोडी नाही. आणि त्या ठेवीवर मुलीचाही हक्क होताच. इचलकरंजीला तिला फोन केला. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "दे आई. पण मला आधी विचारलंस ते बरं केलंस." ह्यांनी वकिलाकडे जाऊन मृत्युपत्रात तेवढी रक्कम आधी तिला, असं घातलं.

मुलाला कळवलं तर म्हणतो, "मी परत करणारच."

"मग मी सही करत नाही."

बराच वेळ फोनवर नुसती खरखर. "बरं. नाही करत परत."

ह्यांनी डायरीतली ओळ खोडली, मग आम्ही दोघांनी सह्या केल्या.

आता तो खालच्या मजल्यावर राहतो. वरच्या बिऱ्हाडांत काय शिजतं, ते मी विचारलेलं नाही.