पत

माणसाची पत त्याच्या स्वभावावर असते, असं मी शाळेत जन्मभर शिकवलं. निवृत्तीनंतर बँकेनं तो धडा खोडून टाकला.

2020 चा उन्हाळा. टाळेबंदीत मुलाची पुण्यातली नोकरी गेली, म्हणून दोन लाखांसाठी मी यवतमाळच्या एका बँकेत गेलो. रिझर्व्ह बँकेनं त्याच मे महिन्यात रेपो दर 4 टक्क्यांवर आणला होता. म्हणजे पैसा स्वस्त. पण स्वस्त झालेला माल दुकानदार फळीवरून काढायलाच तयार नव्हता! साहेबांनी पेन्शनचं पासबुक पाहिलं, घराचे कागद पाहिले, दोन जामीनदार मागितले आणि एवढं करून "बघू" म्हणाले.

2022 उजाडलं. कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, गावात पैसा खुळखुळू लागला आणि मी एकाएकी अब्रूदार झालो. दिवसाला तीन फोन! "सर, तुमचं पाच लाखांचं कर्ज मंजूर झालंय." अहो, मागितलं कुणी? पेन्शन तीच, घर तेच, मीही तोच. फक्त दोन वर्षांनी म्हातारा. बरं, मे महिन्यापासून रेपो दर चढत होता, फेब्रुवारी 2023 मध्ये तो साडेसहाला टेकला. माल महागला तरी दुकानदार दारात!

मग नोव्हेंबर 2023 मध्ये रिझर्व्ह बँकेनं विनातारण वैयक्तिक कर्जाचं जोखीम-वजन 100 वरून 125 टक्के केलं. म्हणजे अशा कर्जामागे बँकेनं जास्त भांडवल राखून ठेवायचं. झालं, माझा फोन मुका झाला.

ही सगळी हकीकत मी शेजारच्या कास्तकारांना रंगवून सांगितली. ते हसले नाहीत.

"गुरुजी, ब्यांकेले काऊन हसता? कापूस दहा हजार होता तवा तुमीच म्हनत होते, पैसे लागले तं सांगा. आता भाव पडला, तं तुमी फाटकाआडूनच बोलता."

मी गप्प झालो. पैसे बुडायची भीती सगळ्यांना एकदमच वाटते आणि गरजही नेमकी तेव्हाच पडते. बँकेचं काय, माझं काय!

दुसऱ्या दिवशी फाटक उघडून त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. चहा झाल्यावर विचारलं, "किती लागतील?"

ते म्हणाले, "जामीनदार आनू का दोन?"